घराबरोबर मिळालेली बाई

आमच्या जोडघराचं पुढचं तोंड इतकं देखणं आहे, की हॉलवर, म्हणजे मालकांच्या वाड्यावर, आलेले पाहुणे बग्गी थांबवून बघत बसतात. बघणाऱ्याचं काय जातंय? राहायचं आम्हाला. भिंतीच्या अलीकडे मी, सलीना डॅक, इस्टेटीच्या गवळ्याची बायको. पलीकडे केझाया गूच, इस्टेटीच्या सुताराची बायको, आणि मागाहून विधवा. मधली भिंत एका विटेची. तिकडे चमचा पडला तर कोणता पडला ते इकडे कळतं. तेव्हा केझायाबद्दल मी जे सांगते आहे ते ऐकीव असलं, तरी फार लांबून ऐकलेलं नाही.

घर बांधलं तेव्हा केझाया लहान पोर होती. तिचा बाप एमॉस लार्टर इस्टेटीचाच सुतार. ही माणसं तेव्हा नदीकाठी मातीच्या एका खोलीत राहायची. हिवाळ्यात नदी चढली की कोंबड्या पलंगावर आणि पोरं माळ्यावर. मग मालकांचं लग्न झालं. मालकीणबाई लंडनहून आल्या आणि येताना चित्रांचं एक पुस्तक घेऊन आल्या. खेडुतांची घरं कशी असावीत ते त्यात काढून दाखवलं होतं. खेडुतांना कोणी विचारलं नव्हतं. फाटकापासून हॉलपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना तशी घरं हवीत असं ठरलं, आणि नदीकाठच्या खोल्या पाडून टाकल्या.

घर पक्कं झालं, हे मी नाकारत नाही. विटांच्या भिंती, टोकदार उतरतं छप्पर, छपराच्या कडेला लाकडी नक्षीची झालर, खिडक्यांना शंकरपाळ्यांएवढ्या काचा आणि पीळ घातलेलं उंच धुराडं. दारावर दगडात मालकांच्या घराण्याची खूण कोरलेली, म्हणजे घर कोणाचं याबद्दल आत राहणाऱ्याने गैरसमज करून घेऊ नये. हॉलचा रस्ता उत्तरेला, म्हणून घराचं तोंड उत्तरेला. ऊन मिळतं ते मागच्या मोरीला आणि डुकराला. वर तीन खोल्या आहेत, कारण गरिबांच्या घरी मुलगे आणि मुली एका खोलीत झोपले की नीती बिघडते असं कोणा भल्या माणसाने तेव्हा लिहिलं होतं. तिसरी खोली एवढीशी आहे, की तिच्यात नीतीशिवाय दुसरं काही मावत नाही.

शिवाय नियम. धुणं रस्त्यावरून दिसेल असं वाळत घालायचं नाही. दाराला हिरवा रंग, तोही इस्टेट देईल तोच. बाहेरचा माणूस राहायला ठेवायचा नाही. पुढच्या दाराने ऊठसूट ये-जा करायची नाही, ते लग्नाला आणि मयताला. या सगळ्याची सवय होते. माणसाला कशाचीही होते.

घरातलं लाकूडकाम सगळं एमॉस लार्टरच्या हातचं. झालर त्याची, दारं त्याची, जिना त्याचा. केझाया त्याच्या पायाशी बसून चुलीसाठी भुसा गोळा करायची, आणि बाप एकेक पायरी बसवून झाली की तिला तिच्यावर उभी करून बघायचा, कुरकुरते का. एकही कुरकुरली नाही. आजही कुरकुरत नाही. "ही माझ्या बापाच्या हातची पायरी," असं ती आल्यागेल्याला सांगायची, आणि आलंगेलं म्हणजे बहुतेक वेळा मीच असायची.

जिन्याला जागा मात्र पुस्तकात धुराड्याच्या आणि भिंतीच्या मध्ये दिलेली होती, चिंचोळी. त्यामुळे तो गोल वळवून बसवावा लागला. एमॉस एका थंडीत छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा शवपेटी त्या जिन्याने वर जाईना. शेवटी त्यालाच चादरीत घालून चौघांनी खाली आणलं.

आता आमच्याकडची रीत अशी, की घर माणसाचं नसतं, कामाचं असतं. सुताराचं घर सुताराला. सुतार गेला की पुढच्या सुताराला. बायकापोरांनी कुठे जायचं ते बायकापोरांनी बघावं, आणि कुठेच जाता आलं नाही तर निराधारांना डांबायचं तालुक्याचं गरीबघर आहेच. केझायाची आई तेव्हा सांध्यांनी धरलेली, चमचाही धड धरता येत नव्हता. गरीबघराचं नाव काढलं की ती भिंतीकडे तोंड करून पडायची.

नवा सुतार ओबेड गूच दुसऱ्या एका इस्टेटीवरून आला. चाळिशीकडे झुकलेला, एकटा. त्या वेळचे कारभारी व्यवहारी होते. ते लार्टरच्या घरी आले, टोपी न काढता उभे राहिले आणि म्हणाले, "गूचला स्वैपाकाला कोणी नाही. तुमची पोरगी लग्नाची आहे. घर तेच राहील, म्हातारीही राहील. उगाच गाडीभाड्याचा खर्च कशाला?"

दुसऱ्या दिवशी गूच घर बघायला आला. जिना पायाने दाबून पाहिला, खिडकी उघडून मिटून पाहिली, डुकराच्या खोपटीत डोकावला. केझाया मोरीत बटाटे सोलत उभी होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "घर बरं आहे." हीच मागणी. पुढे तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारली आणि लग्न लागलं.

मी पुढच्या वर्षी इकडे लग्न होऊन आले. मागच्या आवारात आम्हा दोघींत एक पावाची भट्टी आणि कपडे उकळायचा एक हंडा. तिचे वार ठरलेले, माझे ठरलेले. पहिल्याच पाव भाजायच्या दिवशी तिने मला भट्टी कशी तापवायची ते दाखवलं आणि दाखवता दाखवता ही सगळी हकिगत सांगितली, बाजारात काय भाव होता ते सांगावं तशी.

"मग, नवरा कसा आहे?" मी विचारलं. मी नवी होते, मला भीड कमी.

"आहे," ती म्हणाली. "जेवतो, झोपतो, शिव्या देत नाही. आई वरच्या खोलीत आहे. मला आणखी काय हवं?"

गूच खरोखर वाईट नव्हता. बोलायचा नाही, एवढंच. मी भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं राहिले, पण त्या माणसाचा आवाज कसा होता हे मला आज आठवून सांगता येणार नाही. म्हातारी स्वतःच्या पलंगावर सुखाने गेली. एक मुलगी झाली, लव्हिनिया. ती नॉर्विचला कामाला लागली आणि तिथेच एका दुकानाच्या माडीवर तिने संसार थाटला. केझायाचं वय झालं, केस पांढरे झाले, घर मात्र तिने नव्यासारखं ठेवलं. चूल काळी कुळकुळीत, विटांची जमीन गेरूने लाल. बग्गीतून पाहुणे बघायचे त्याच्या आतलं कोणी बघत नव्हतं, तरी ठेवलं.

मग गूचही गेला. हिवाळा नुकता संपत होता. त्यालाही चादरीतच खाली आणलं.

या वेळी कारभारी होते मिस्टर प्रिंगल, स्कॉटलंडचे. त्यांनी टोपी काढली, एवढा जमाना बदलला होता. म्हणाले, "गूचबाई, वाईट वाटतं मला. पण घर सुताराचं आहे. मायकेलमसपर्यंत राहा, सप्टेंबरअखेरीला रिकामं करा. नवा माणूस तोवर पबच्या माडीवर राहील." दाराशी जाऊन ते थांबले. "त्याचीही बायको गेलेली आहे," असं म्हणाले आणि निघून गेले.

तेवढं पुरे होतं. संध्याकाळपर्यंत गावाने लग्न लावूनसुद्धा टाकलं. पंपावर पाणी भरताना बाया केझायाला म्हणायच्या, "काय गं, घर सोडायचं नाही म्हणून अजून किती सुतार करणार आहेस?" केझाया बादली उचलायची आणि म्हणायची, "मिळतील तेवढे." हसत नव्हती ती. पन्नाशीला टेकलेली बाई, लेकीकडे जागा नाही, भावंडं नाहीत. घर गेलं तर ती जाणार कुठे, हे पंपावरच्या प्रत्येकीला ठाऊक होतं. त्यातल्या निम्म्यांची घरं तशीच, नवऱ्याच्या कामाची होती. म्हणूनच हसत होत्या.

एनॉक थर्टल जूनमध्ये आला. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मनात म्हटलं, हा माणूस आहे की शिडी? इतका उंच. हात लांब, बोलणं थोडं, पण बोलला तर समोरच्याकडे बघून बोलायचा. पहिल्याच रविवारी तो घर बघायला आला.

केझाया आठवडाभर खपली होती. भिंतींना चुना, खिडक्यांना व्हिनेगर, जिन्याच्या पायऱ्यांना मेण. मी म्हटलं, "अगं, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलीस की काय?"

"बाशिंग नाही, छप्पर," ती म्हणाली. "डोक्यावरचं. सरक, तो मेणाचा डबा दे."

तिने त्याला सगळं दाखवलं. कोठीची खोली, मोरी, भट्टी, डुकराची खोपटी. मी आवारात धुणं पिळत होते, म्हणजे पिळून झालेलंच पुन्हा पिळत होते. थर्टल जिन्याशी पोचला आणि दाराच्या वरच्या पट्टीवर त्याचं कपाळ असं आपटलं, की आमच्याकडच्या कपाटातल्या बशा वाजल्या.

"लागलं का हो?" केझायाचा आवाज.

"नाही."

वर गेल्यावर उतरत्या छपराला आणखी एकदा आपटलं. "नाही" हे त्याने तेव्हाही म्हटलं.

खाली आल्यावर त्याने विचारलं, "लाकूडकाम कोणाचं?"

"माझ्या वडिलांचं."

"हं," थर्टल म्हणाला. घर बरं आहे, असं काही तो म्हणाला नाही. केझायाने ते बरोबर हेरलं, आणि पुढच्या रविवारी त्याला चहाला बोलावलं.

पुढच्या रविवारी तो टोपलीभर मटार घेऊन आला. उत्तरेचा वारा सुटला होता. उत्तरेचा वारा असला की आमची धुराडी धूर उलटा घरात ओकतात. पीळ चित्रात छान दिसतो, धुराला त्यातून वाट सापडत नाही. केझायाला हे माहीत, म्हणून तिने पहाटेच चूल पेटवून स्वैपाक उरकला होता. पण चहाला आधण ठेवावंच लागलं. खोलीभर धूर झाला. दोघं समोरासमोर बसून खोकत होती, डोळ्यांतून पाणी काढत होती, आणि धूर हा शब्द कोणी तोंडातून काढेना. केझाया केक कापत म्हणाली, "हवा जरा दमट आहे." थर्टल म्हणाला, "केक फार चांगला आहे." मी भिंतीपलीकडे तोंडात एप्रनचा बोळा कोंबून बसले होते.

तो येतच राहिला. एका रविवारी पंपाचा दांडा दुरुस्त केला. एका रविवारी गूजबेरी आणल्या आणि बसून त्यांची देठं खुडली. पुरुषमाणूस देठं खुडताना मी तोवर पाहिला नव्हता. कणकेचे उकडलेले गोळे त्याला आवडतात हे कळल्यावर केझाया प्रत्येक रविवारी करायला लागली. बोलणं भिंतीतून यायचं. तो त्याच्या बायकोबद्दल सांगायचा, ती आईबद्दल. एकदा केझाया मोठ्याने हसली. मी डॅकला म्हटलं, "ऐकलंस? हसली." डॅक म्हणाला, "हसेल नाही तर काय. घर वाचलं."

मला तो माणूस आवडला नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू? फुकटचा स्वैपाक, फुकटची धुणी, वर आयतं घर. दर रविवारी येतोस, गोळे हाणतोस, तर एकदा तोंड उघडून बोल की! ऑगस्ट गेला. तो बोलेना. केझायाला झोप लागत नव्हती. पायरी कुरकुरत नसली तरी तिच्या चपला मला ऐकू यायच्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला डॅक दूध हॉलवर पोचवून घरी आला तो टोपी हातात चुरगाळत. "थर्टलने घर नको म्हणून सांगितलं."

"कोणतं घर?"

"शेजारचं. तो प्रिंगलसाहेबांकडे गेला होता. त्याने लाकडाच्या वखारीमागचं घर मागितलं. साहेब हो म्हणाले. इथे मायकेलमसला माळी येणार, पोराबाळांसकट."

वखारीमागचं घर म्हणजे नुसता विटांचा ठोकळा. रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून त्याच्यावर कोणी खर्च केला नव्हता. झालर नाही, पीळ नाही, सरळ धुराडं, मोठ्या सरळ खिडक्या, वर सपाट उंच छत. दक्षिणेचं ऊन. आम्ही त्याला खोका म्हणतो.

सांगायचं मलाच होतं. तिचा पाव भाजायचा दिवस होता. ती भट्टीशी उभी होती, बाह्या कोपरापर्यंत वर, लाकडी फावड्याने पाव आत सरकवत होती. मी सांगितलं. तिने उरलेले पाव आत सरकवले, भट्टीचं झाकण लावलं आणि मग विचारलं, "घर नको म्हणाला?"

"हो."

"माझ्या बापाचं घर. नको म्हणाला." तिने हात पुसले. चेहरा राखेसारखा झाला होता. "लव्हिनियाला कळवायला हवं. जिन्याखाली जागा असेल तिच्या."

मला तिच्यासाठी वाईट वाटलं, आणि त्या शिडीचा इतका राग आला की समोर असता तर हंड्यात उकळला असता. आणि तो समोर आलाच. दुपारची सुट्टी झाली होती, अंगावर भुसा, मागच्या वाटेने आला.

"गूचबाई," तो म्हणाला.

मी जागची हलले नाही. आवार माझंही होतं.

केझाया त्याच्याकडे वळली. "काय खोट दिसली हो तुम्हाला माझ्या बापाच्या घरात? एवढ्या वर्षांत एक पायरी वाजली नाही. एक दार अडकत नाही. एवढे रविवार आलात, खाल्लंत, प्यायलात, आणि नाही म्हणायला साहेबांकडे गेलात? मला सांगायचं होतं."

थर्टलने टोपी काढली. कपाळावर जुनं टेंगूळ होतं, शेजारी नवं. "कामात खोट नाही," तो म्हणाला. "इतकं चोख काम मला जमणार नाही. पण घर कुठे तोंड करून उभं राहील, जिना कुठे जाईल, धूर कुठून निघेल, हे तुमच्या वडिलांना कोणी विचारलं नव्हतं. ते रस्त्यावरून बघायला बांधलंय. मला आत राहायचंय. मला तिथे उभं राहता येत नाही."

"मग वाका! माझा नवरा राहिला, बाप राहिला."

"मला वाकायचं नाही. आणि तुम्ही त्या धुरात बसू नये, असंही मला वाटतं."

"मी कुठे बसावं ते मी बघेन. तुमचं घर बघून झालं होतं तर दर रविवारी कशाला येत होता?"

"घर बघायला एक रविवार पुरतो, गूचबाई."

भट्टीतून पावाचा वास यायला लागला होता. केझाया त्याच्याकडे अशी बघत होती, जणू तो परक्या देशाची भाषा बोलला.

"माझं घर गेलं," ती शेवटी हळू म्हणाली. "मायकेलमसला माळी येतोय. माझ्याकडे आता द्यायला काहीच नाही."

"मी मागितलं का काही?" थर्टल म्हणाला. "वखारीमागचं घर आधी माझ्या नावावर करून घेतलं, मग आलो. तुम्ही नाही म्हणालात तरी ते माझंच राहील. हो म्हणालात तरी ते तुम्हाला घरासाठी म्हणावं लागणार नाही. तेवढ्यासाठी उशीर झाला. बोलायला मी तसाही मंद आहे." मग तो टोपी फिरवत उभा राहिला, कारण त्याचं बोलणं संपलं होतं.

केझाया खाली बसली. पालथ्या बादलीवर. तिने एप्रन तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. बाप गेला तेव्हाचं मी पाहिलं नाही. पण आई गेली, नवरा गेला, तेव्हा मी भिंतीला कान लावून होते आणि मला काही ऐकू आलं नव्हतं. आता अख्ख्या आवाराला ऐकू येत होतं. थर्टल घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

"मला नाही, तिला विचारा," मी म्हटलं.

"सलीना," केझाया एप्रनमधूनच म्हणाली, "अगं, मला घराशिवाय कोणी मागितलं नव्हतं गं. असं मागतात हेच मला माहीत नव्हतं."

मग तिने तोंड पुसलं, नाक पुसलं आणि त्याच्याकडे वर बघितलं. बरंच वर बघावं लागलं. "त्या खोक्याला भट्टी आहे का?"

"नाही," थर्टल म्हणाला. "बांधीन."

"तोवर मी हिच्या वारी भाजीन."

मला कोणी विचारलं नाही. दोघंही जागची हलेनात, आणि भट्टीतून करपल्याचा वास सुटला होता. मी फावडं घेतलं आणि पाव बाहेर काढले.